दोघं अंगावर, दूध पुरेल का?



मागच्या महिन्यात आम्ही एका वस्तीवर गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही भरली, बाया उठल्या. एक जण मात्र मागे थांबली. सातवा महिना, कडेवर दीड वर्षाची मुलगी. हळूच म्हणाली, “ताई, ही अजून अंगावर पिते. सासूबाई म्हणतात, पोटातल्याचं दूध ही संपवतेय. तोडायचं म्हणून कोरफड लावली, तर पोर दोन रात्री नुसती रडली. आता काय करू?”

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

पहिली गोष्ट, पोटुशी बाईचं दूध नासत नाही आणि थोरल्याला बाधत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दूध कमी होतं, त्याची चव बदलते. त्यामुळे काही मुलं आपणहून सोडतात, काही सोडत नाहीत. दोन्ही ठीक आहे. थोरलं प्यायलं म्हणून धाकट्याचा चीक संपतो, असंही नाही. चीक शरीर नव्याने तयार करतं आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस तो येतच राहतो.

पण एक सांभाळायचं. बाळ पिताना गर्भाशय थोडं आवळतं. तब्येत चांगली असेल तर सहसा त्याने काही बिघडत नाही. मात्र अंगावरून जात असेल, आधी दिवस भरण्याआधी बाळंतपण झालं असेल, वरचेवर गर्भ पडला असेल, पोटात जुळं असेल किंवा तुमचं वजन वाढत नसेल, तर पाजत राहायचं की थांबायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता बाळंतपणानंतरचं. दोघांना दूध पुरतं का? बहुतेक वेळा पुरतं. विहिरीचं आपण पाहतोच. उपसा होत राहिला की झरा वाहता राहतो. अंगावरच्या दुधाचंही तसंच आहे. जेवढं ओढलं जातं, तेवढं नवं तयार होतं. जुळ्या मुलांच्या आया याच बळावर दोघांना पाजतात.

मात्र एक नियम मोडायचा नाही: आधी तान्हं, मग थोरलं. थोरल्याला भाकरी आहे, वरण-भात आहे. तान्ह्याला सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरं काही नाही. गुटी नको, मध नको, पाणीसुद्धा नको. जन्मल्यापासून तासाभरात त्याला छातीशी लावा. चीक फेकू नका. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजा. पहिल्या दिवसांत एक बाजू याची, एक बाजू त्याची अशी वाटणी करू नका. तान्ह्याचं पोट भरलं की मग थोरल्याला घ्या. चिकामुळे थोरल्याला थोडं पातळ होऊ शकतं, त्याने घाबरू नका.

तान्ह्याला पुरतंय हे कसं ओळखायचं? पहिल्या आठवड्यानंतर ते दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करतं, पिऊन शांत होतं, वजन वाढतं. जन्मानंतर वजन थोडं उतरतं, पण दोन आठवड्यांत ते परत जन्माच्या वजनावर यायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. तिला बाळाचं वजन करायला सांगा आणि थोरलंही पितंय हे लपवू नका. वजन वाढत नसेल, लघवी कमी असेल, बाळ मलूल पडलं असेल किंवा ओढून पीत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

थोरल्याचंही मन जपायला हवं. आई वाटली गेली, हे त्याला कळतं. कडू लावून एकदम तोडलं तर दूधही जातं आणि आईची कूसही गेल्यासारखी वाटते. त्यापेक्षा हळूहळू कमी करा. आपणहून पुढे करू नका. मागितलं तर थोडं द्या, मग गोष्टीत, खेळात रमवा. पाजायच्या आधी खाऊ घाला. रात्री त्याला वडिलांनी किंवा आजीने जवळ घेतलं तर निम्मं काम होतं.

आणि कधी कधी थोरलं तोंड लावतं तेव्हा अंगावर काटा येतो, चिडचिड होते. पुष्कळ बायांना असं होतं. त्याने तुम्ही वाईट आई ठरत नाही. नको वाटलं तर थांबवा. दोघांना पाजायचं की नाही, हे ठरवायचा हक्क पाजणारीचा आहे.

आता शेवटचं, पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दूध पुरेल का, हे सगळे विचारतात. आईला जेवण पुरतं का, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाऊन दोन लेकरं कशी पोसायची? तिचं ताट आधी वाढा. भाकरी, डाळ किंवा उसळ, पालेभाजी, जमेल तसं अंडं, दूध. तहान लागेल तसं पाणी. अंगणवाडीतून तिच्या नावाने येणारा आहार तिच्याच पोटात जाऊ द्या. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या. कॅल्शियमची गोळीही घ्यायची, पण दोन्ही एका वेळी नकोत. आणि पुढचं मूल हवं असेल, तरी धाकटं दोन वर्षांचं होईपर्यंत दिवस राहू देऊ नका. त्यासाठीचं साधन आशाताईला विचारा.

त्या बाईला आम्ही हेच सगळं सांगितलं, आणि पुढच्या वेळी सासूबाईंनाही घेऊन ये म्हटलं. त्यांचं बोलणं नातवाच्या काळजीपोटीच होतं. त्या आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हणजे पोरीला तोडायचं नाही, सुनेला वाढायचं!”

मैत्रिणींनो, तुमच्या गटात अशी लेकुरवाळी असेल तर पुढच्या बैठकीत हप्त्याच्या आधी तिला एवढंच विचारा: जेवलीस का?