आधी त्याचं ऐकून घे!

परवा साकोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत बसलो होतो. पेन्सिलीवरून दोन पोरं भांडली. बाईंनी छडी उगारली नाही. म्हणाल्या, ‘आधी त्याचं ऐकून घे, मग तू सांग.’ थोड्या वेळानं पेन्सिलीचे दोन तुकडे करून दोघं लिहू लागली.

शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारातून २००९ साली बीड जिल्ह्यात सुरू झालेला ‘मूल्यवर्धन’ उपक्रम पुढे राज्यभर गेला. त्याचं मर्म हेच : उपदेश कमी, जोडीनं बोलणं जास्त.

बँकेत असताना एक धान-शेतकरी थकबाकीचं कारण सांगत राहिला. मी लेजरमधून मान वर केली नाही. हिशेब मला शाळेनं शिकवला होता, ऐकणं नाही. पाढ्यांबरोबर तेही शिकवायला नको का?