खोटाखोटा म्हातारा किल्ला!

दिवाळीचा किल्ला केलायस ना कधी? माती, दगड, गोणपाट, वर मोहरी पेरून हिरवळ. वय दोन दिवस, पण दिसतो कसा? थेट शिवकाळातला!

मोठी माणसंही असली गंमत करतात बरं का! खडवलीहून सीएसएमटी लोकल पकड. टिटवाळा गेलं, कल्याण गेलं, ठाणं गेलं... शेवटच्या स्टेशनावर उतर. बाहेर ये आणि मान वर कर.

अबब! टोकदार कमानी, मनोरे, दगडी घुमट! सातशे वर्षांपूर्वीचं असेल?

छे! काम सुरू झालं १८७८ मध्ये. आणि ठाण्याला पहिली आगगाडी गेली १८५३ मध्ये. म्हणजे हे ‘म्हातारं’ स्टेशन गाडीपेक्षाही लहान!

स्टीव्हन्स नावाच्या वास्तुशिल्पींनी कोऱ्या इमारतीला जुना पोशाख चढवला. गॅदरिंगमध्ये कापसाची दाढी चिकटवून आजोबा होतात ना, अगदी तसाच!

भिंतींवरून प्राणी डोकावतायत, दिसले? त्यांना म्हणतात गार्गॉइल. युरोपातल्या जुन्या चर्चवर त्यांना खरंखुरं काम असायचं. छपरावरचं पावसाचं पाणी तोंडातून लांब फेकायचं! किटलीला चोच नसती तर चहा तिच्याच अंगावरून ओघळला असता. तशी भिंत भिजू नये म्हणून ही चोच. आणि नाव कुठून आलं, ओळख! घशासाठीच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून. घसा बसला की आपण गुळण्या करतो, त्याचा इंग्रजी शब्द ‘गार्गल’ही त्याच घरातला. म्हणजे पावसात चर्च गुळण्या करायचं!

स्टीव्हन्ससाहेबांच्या इंग्लंडात तर याहून भारी प्रकार. विंडरमीअर नावाचा लांबलचक तलाव आहे. त्याच्या काठी लिव्हरपूलच्या डॉ. जेम्स डॉसन यांनी १८४० मध्ये किल्ला बांधायला घेतला. बुरूज आहेत, तटाला कंगोरे आहेत. शत्रू? एकही नाही! आत नुसतं राहायचं घर! १८८२ मध्ये १६ वर्षांची बिएट्रिक्स पॉटर तिथे सुट्टीला आली होती. पीटर नावाच्या खोडकर सशाची गोष्ट पुढे तिनेच लिहिली.

पण खरी कमाल ऐक. डॉक्टरांच्या आवारात पडक्या भिंतीही होत्या. त्या पडल्या नव्हत्या हं! मुद्दाम पडक्याच बांधल्या होत्या. कोरं करकरीत पडकं!

तेव्हा या दिवाळीत तुझा एखादा बुरूज ढासळला, तर रडू नकोस. कुणी विचारलंच तर ऐटीत सांग, ‘‘तो तसाच बांधलाय!’’