घरगुती रसाहार : गाळणीत काय उरते?

प्रस्तावना

फळांचा रस ही आपल्याकडे मुख्यतः आजारी माणसाला द्यावयाची वस्तू होती. आता निरोगी व्यक्तीही वजन घटविण्यासाठी किंवा ‘शरीरशुद्धी’साठी काही दिवस केवळ फळाभाज्यांच्या रसावर राहताना दिसतात. निसर्गोपचारात रसाहाराला जुने स्थान आहे. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये पुण्याजवळील उरुळीकांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले. निसर्गोपचार केंद्रात रसाहार जाणकारांच्या देखरेखीखाली व ठरावीक मुदतीसाठी दिला जातो. घरी ही देखरेख नसते. म्हणून घरी रसाहार करू इच्छिणाऱ्याने कोणत्या गोष्टी जाणून घ्याव्यात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रस आणि चोथा

रस गाळला की पाणी, साखर, काही जीवनसत्त्वे व पोटॅशियमसारखी खनिजे पेल्यात येतात. तंतुमय पदार्थांचा मोठा भाग चोथ्याबरोबर टाकला जातो. तीन-चार संत्री एका बैठकीत खाणे जड जाते. त्यांचा रस मात्र दोन मिनिटांत पिऊन होतो. एक लिटर संत्र्याच्या रसात सुमारे ८० ग्रॅम साखर आणि जेमतेम ७ ग्रॅम प्रथिने असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार फळांच्या रसातील साखर ही ‘मुक्त साखर’ गणली जाते. दैनंदिन २००० कॅलरींच्या आहारात तिची मर्यादा ५० ग्रॅम येते. याउलट ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दररोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. केवळ संत्र्याच्या रसातून ती मिळवायची तर सहा लिटरांहून अधिक रस प्यावा लागेल. भाज्यांच्या रसात साखर कमी असते, परंतु प्रथिनांची उणीव तशीच राहते. ब-१२ जीवनसत्त्व तर दोन्हींत नसते.

वजन का उतरते?

प्रस्तुत लेखिकेने तीन दिवस हा प्रयोग स्वतःवर केला. दीड किलो वजन उतरले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना भोवळ आली. आणि आठवडाभरात वजन पूर्ववत झाले. एका व्यक्तीचा अनुभव हा पुरावा नव्हे, परंतु त्याचे कारण शरीरक्रियाशास्त्रात सापडते. आहार अपुरा पडला की शरीर प्रथम ग्लायकोजेनचा साठा वापरते. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठविलेले असते व तेही बाहेर पडते. पहिल्या दिवसांतील घट ही बव्हंशी या पाण्याची असते. राहिली ‘शुद्धी’, ते काम यकृत व मूत्रपिंडे अहोरात्र करीतच असतात.

कडू दुधीचा धोका

काकडी वा दुधी चिरताना तुकडा चाखून पाहण्याची आपल्या स्वयंपाकघरातील रीत शास्त्रशुद्ध आहे. या वर्गातील भाज्यांत क्वचित कुकुरबिटासिन हे कडू विषारी द्रव्य वाढते. ते शिजविल्यानेही नष्ट होत नाही. कडू दुधीच्या रसामुळे रक्ताच्या उलट्या व मृत्यूही घडले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा यासंबंधीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रस काढण्यापूर्वी तुकडा चाखावा, कडू लागल्यास टाकून द्यावा, हा रस अन्य रसांत मिसळू नये आणि त्रास होताच रुग्णालय गाठावे, असे त्यात सुचविले आहे. ‘कडू तेच औषध’ ही समजूत येथे जीवघेणी ठरू शकते.

कोणी टाळावा?

इन्सुलिन वा साखर उतरविणारी औषधे घेणारे मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती, स्तनदा माता, बालके व रक्तक्षय असलेल्या व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय केवळ रसावर राहू नये. निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडांना रसातील पोटॅशियम झेपत नाही. पालकातील ऑक्सॅलेट मुतखड्याच्या रुग्णास अपायकारक ठरू शकते.

निष्कर्ष

रस हा जेवणातील एक पदार्थ होऊ शकतो. तो जेवणाची जागा घेऊ शकत नाही. ज्यास रस आवडतो त्याने तो ताजा, साखर न घालता, शक्यतो न गाळता लहान पेलाभर घ्यावा आणि सोबत भाकरी, डाळ, उसळ, ताक सोडू नये. फळ चावून खाता येत असेल तर तेच अधिक श्रेयस्कर होय. पेल्यात काय आले हे पाहताना गाळणीत काय उरले याचाही विचार केल्यास बरेच गैरसमज दूर होतील.