ग्रहण सुटतं, दुःख सुटतं का?

बारावीतल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. घरातलं माणूस गमावलेली मुलगी खग्रास सूर्यग्रहण पाहताना एका मुलाच्या प्रेमात पडते आणि सावरते, अशी गोष्ट तिने वाचली. ‘असं खरंच होतं का?’ असं ती विचारते.

आधी प्रेमाचं बोलू. १९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो दरीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांकडून एका तरुणीने प्रश्नावली भरून घेतली आणि आपला फोन नंबर दिला. नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी मात्र दोघांनीच. भीतीने झालेली धडधड पुरुषांनी त्या तरुणीच्या खात्यावर जमा केली, असा अर्थ लावला गेला. खग्रास ग्रहणात भरदिवसा अंधारतं, हवा गार होते, सूर्याची शेवटची तिरीप हिऱ्यासारखी लकाकून विझते आणि काळ्या चंद्राभोवती प्रभामंडळ फुलतं. तेव्हा काळीज धडधडणारच! पण इतक्या थोड्या माणसांवरून प्रेमाचा नियम काढू नये.

दुःखाचं उत्तर मला अधिक मोलाचं वाटतं. २१ ऑगस्ट २०१७ला अमेरिकेवरून खग्रास ग्रहणाचा पट्टा गेला. संशोधकांनी सुमारे २९ लाख ट्विटर वापरकर्त्यांची भाषा तपासली. पट्ट्यातल्या लोकांच्या लिहिण्यात विस्मय जास्त होता, स्वतःभोवती फिरणं कमी होतं आणि ‘आपण’ची भावना वाढली होती. हे मोजमाप भाषेचं आहे, शोकाचं नाही. म्हणून ‘ग्रहणाने मन बरं होतं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तरीही त्या गोष्टीत तथ्य आहे. स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९मध्ये मांडलं, की शोक करणारं माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतं: कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढच्या आयुष्याकडे. ही ये-जा म्हणजेच सावरणं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना वाटतं, हसलो म्हणजे विसरलो, कुणी आवडलं म्हणजे दगा दिला. तसं मुळीच नाही. आकाशाकडे बघताना दोन मिनिटं दुःख बाजूला राहिलं, तर ते सावरण्याचाच भाग आहे.

आणि खरी ताकद सोबतीची असते. खगोलप्रेमी मेरी ऑर आणि जॉन एव्हरशेड १८९६मध्ये नॉर्वेच्या ग्रहणमोहिमेत भेटले. ढगांनी ग्रहण झाकलं, ओळख मात्र टिकली. दोन वर्षांनी जॉन ग्रहणासाठी आपल्या वऱ्हाडात तळणीला आले. १९०६मध्ये दोघांचं लग्न झालं आणि पुढे ती दोघं कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेत आली. तिथे सौरडागांतल्या वायूंचा प्रवाह शोधल्याचं श्रेय जॉनना मिळालं. सौरज्वालांचा बारकाईने अभ्यास करून स्वतःच्या नावाने निबंध लिहिणाऱ्या मेरीला मात्र आपण विसरलो, याची मला मनापासून खंत वाटते.

२ ऑगस्ट २०२७ला पश्चिम भारतातून खंडग्रास ग्रहण दिसेल. त्या दिवशी दुःखात असलेल्या मुलांना दारं लावून घरात बसवू नका. प्रमाणित ग्रहणचष्मे घ्या, कारण डोळ्याच्या पडद्याला इजा झाली तरी दुखत नाही, आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींनाही मैदानावर बोलवा.