ट्रिगर: न दिसणारे काम आणि त्याची किंमत

डेटाबेसमधल्या टेबलात नोंद भरली, बदलली किंवा काढून टाकली की आपोआप चालणारा कोडचा तुकडा म्हणजे ट्रिगर. खात्यातली शिल्लक बदलली की जुनी रक्कम, नवी रक्कम आणि वेळ दुसऱ्या टेबलात टिपून ठेवणे, हे त्याचे नेहमीचे काम. बदल मोबाइल अॅपमधून होवो, शाखेतल्या संगणकावरून होवो की थेट डेटाबेसमध्ये जाऊन केलेला असो, ट्रिगर तिन्ही वेळा चालतो. अडचणही याच गुणातून निघते. अपडेटची आज्ञा लिहिणाऱ्याला तिच्यामागे आणखी काय चालणार आहे, हे त्या आज्ञेत कुठेच दिसत नाही.

ट्रिगर दर नोंदीमागे एकदा चालतो की दर आज्ञेमागे एकदा, यावर बराच हिशेब ठरतो. मायएसक्यूएलमध्ये पहिलाच प्रकार आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये दुसरा. ओरॅकल आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये दोन्ही. नोंदीमागे एक मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण एका आज्ञेने 1 लाख नोंदी बदलल्या तर तेवढ्यानेच 100 सेकंद वाढतात. त्यात ट्रिगर इंडेक्स नसलेल्या मोठ्या टेबलात काही शोधत असेल, तर दर नोंदीला ते टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले जाते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या 2017 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून आज्ञेमागे चालणाऱ्या ट्रिगरला बदललेल्या सगळ्या नोंदी एकगठ्ठा मिळू शकतात. मोठ्या बदलांसाठी हीच वाट बरी.

वेळेपेक्षाही जास्त त्रास लॉकचा होतो. ट्रिगर मूळ आज्ञेच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो. तो फसला तर सहसा मूळ बदलही मागे घेतला जातो आणि तो रेंगाळला तर लॉकही तितका वेळ धरून ठेवले जातात. प्रत्येक विक्रीनंतर ‘आजची एकूण विक्री’ या एकाच नोंदीत रक्कम मिळवणारा ट्रिगर घ्या. दहा काउंटरवर एकाच वेळी बिले होत असली, तरी त्या नोंदीपाशी सगळ्यांना एकामागे एक थांबावे लागते. अशी बेरीज ठराविक वेळाने वेगळी करावी. ईमेल पाठवण्यासारखे कामही ट्रिगरमध्ये ठेवू नये. फक्त ‘पाठवायचे आहे’ एवढी नोंद करावी आणि पाठवण्याचे काम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे द्यावे.

एका ट्रिगरने केलेला बदल दुसरा ट्रिगर जागा करू शकतो. एसक्यूएल सर्व्हर ही साखळी 32 पातळ्यांवर तोडतो, पण तीन-चार पातळ्यांतच चूक शोधणे अवघड होते. म्हणून कोणत्या टेबलावर कोणता ट्रिगर आहे आणि कशासाठी, याची यादी ठेवावी, कोड इतर प्रोग्रॅमसारखाच आवृत्त्यांसह जपावा. संथपणाचा संशय आला की अंदाज न बांधता मोजावे: पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘एक्स्प्लेन अॅनालाइझ’ दर ट्रिगरला लागलेला वेळ वेगळा दाखवते.

लाखो जुन्या नोंदी एकदम भरताना ट्रिगर तात्पुरते बंद करता येतात. मात्र तेवढ्या काळात इतर कोणी टेबलात बदल केले, तर त्यांची नोंदही सुटते. त्यामुळे हे काम वर्दळ नसताना करावे, सुटलेल्या नोंदी नंतर भरून घ्याव्यात आणि ट्रिगर पुन्हा सुरू झाला आहे हे एक नोंद बदलून पाहावे.