पाळलेला पक्षी, मोकळे रान

ऑक्टोबर महिना अर्धा सरला, की अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सरकारी शिकारी रानांकडे खोक्यांनी भरलेल्या मालमोटारी निघतात. कुरणाच्या कडेला खोकी उघडली जातात आणि जाळीखाली वाढलेले फेझंट पक्षी प्रथमच खुल्या आकाशात झेप घेतात. थोड्याच दिवसांत त्याच कुरणात बंदूकधारी माणसे उतरावयाची असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मार्ग बंद झालेल्या भारतीयांना हा प्रकार विलक्षण वाटेल यात नवल नाही.

फेझंट हा मोराच्या आणि सह्याद्रीतील रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी. नराची मान हिरवीनिळी व चमकदार, तिच्याभोवती बहुधा पांढरे कडे, अंग तांबूस सोनेरी आणि शेपूट लांबलचक. मादी मात्र वाळल्या गवताच्या रंगाची. पक्षी मूळचा आशियातला. शांघाय येथील अमेरिकेचे वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१ साली काही पक्षी ऑरेगॉनला धाडले, ते बहुतेक वाटेतच दगावले. पुढल्या वर्षीची खेप मात्र विलामेट नदीच्या खोऱ्यात अशी रुजली, की १८९२ साली शिकारीचा पहिला हंगाम जाहीर करता आला.

पेनसिल्व्हेनियातही एके काळी फेझंट शेताच्या बांधांवर स्वतःच्या बळावर नांदत असे. १९७० नंतर शेतीची रीत पालटली. बांधावरची झुडुपे गेली, गवताची कापणी लवकर होऊ लागली आणि घरटी यंत्राखाली सापडू लागली. रानटी पक्षी ओसरला; शिकाऱ्यांची हौस ओसरली नाही. राज्याचे वन्यप्राणी मंडळ पूर्वीही पक्षी सोडीत असे, परंतु आता शिकार मुख्यतः याच पक्ष्यांवर येऊन ठेपली. २०१६ च्या अखेरीस पैशाची चणचण भासली, तेव्हा मंडळाने चारपैकी दोन पैदासकेंद्रे बंद केली आणि २०१७ पासून प्रौढ शिकाऱ्यांवर फेझंटसाठी निराळ्या परवान्याची सक्ती केली. इंग्लंडात ही शिकार बहुधा खासगी जमिनीवर, जमीनमालकाच्या मर्जीने चालते. येथे सुमारे पंधरा लाख एकर सरकारी रान परवाना घेणाऱ्या कोणालाही मोकळे आहे. गिरणीतल्या कामगाराला आणि शाळकरी मुलालाही हा छंद करता येतो, ही त्याची जमेची बाजू होय.

आक्षेपही तितकाच जुना आहे. माणसाच्या हातचे दाणे खाऊन वाढलेला पक्षी मारणे ही कसली शिकार? असे पक्षी बहुतेक वसंत ऋतूपर्यंत टिकत नाहीत. बंदुकीतून सुटले तर ससाणे आणि कोल्हे त्यांना टिपतात. त्यांच्यातून रानटी प्रजा पुन्हा उभी राहत नाही, हे मंडळही मान्य करते. म्हणूनच रानटी फेझंट पुन्हा वसविण्यासाठी राखलेल्या टापूंत पाळीव पक्षी सोडण्यास मनाई आहे. आक्षेपाला पुरे उत्तर नाही, असेच म्हणावे लागेल. तथापि सुटलेला पक्षी काही दिवसांतच पळण्यात तरबेज होतो, हेही खरे. संकट दिसताच तो उडत नाही. गवताच्या तळातून धावत सुटतो आणि अगदी नाइलाज झाला म्हणजेच पंख फडफडवतो.

म्हणूनच कुत्र्याचे मोल. पॉइंटर व सेटर जातीचा कुत्रा गंध लागताच जागच्या जागी थिजतो आणि शिकारी पुढे येईपर्यंत पक्ष्याला धरून ठेवतो. स्प्रिंगर स्पॅनियल झुडुपात घुसून पक्षी उठवितो. त्याने बंदुकीच्या टप्प्यातच राहिले पाहिजे, एवढे शिकविण्यात मालकाचे एकेक वर्ष जाते. लॅब्रडॉर पडलेले सावज दातही न रुतविता मालकाच्या हाती आणून देतो.

ज्याच्यापाशी कुत्रा नाही, त्याने घाई करू नये. दहा-वीस पावले चालावे, थांबावे, पुन्हा वळसा घेऊन चालावे. चालणाऱ्या माणसाला पक्षी सहन करतो. थांबलेला माणूस त्याला असह्य होतो, आणि पायांपासून दोन हातांवर तो भर्रकन उठतो. गवताच्या पट्ट्याचे टोक, ओढ्याची काठची झाडी, पिकाची कड, या जागा कधी सोडू नयेत. सोबती असेल तर एकाने पट्ट्याच्या टोकाशी उभे राहावे. परंतु दोघांच्या अंगावर भडक नारिंगी पोशाख असावा आणि एकमेकांच्या दिशेने बंदूक कधी वळू नये.

खरी कसोटी बार झाल्यानंतर लागते. छर्‍याने पंख मोडलेला नर जमिनीवर पडतो खरा, पण पाय शाबूत असल्याने क्षणात नाहीसा होतो. कुत्रा त्याचा माग काढतो; एकट्या माणसाला ते क्वचितच साधते, आणि तो पक्षी कुठल्याशा काट्यांत रात्रभर तळमळतो. म्हणून कुत्र्याविना हिंडणाऱ्याने लांबचा बार टाळावा, दाट झाडीवर उडालेला पक्षी जाऊ द्यावा, आणि पक्षी पडताच दुसरे काडतूस भरण्यापूर्वी ती जागा डोळ्यांनी पक्की धरावी. नजर न हलविता सरळ तिथवर जावे, टोपी झुडुपावर टांगावी आणि तिच्याभोवती वाढती वर्तुळे घेत शोधावे. जखमी सावज शोधण्याचा योग्य तो प्रयत्न करणे पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानेही बंधनकारक आहे. दिवसाला दोन पक्ष्यांची मर्यादा असते. दुसऱ्याच्या मागे लागण्याआधी पहिल्याचा शोध पुरा करण्यात अर्धा तास गेला, तरी जाणता शिकारी टोपी उचलत नाही.