धानाची ओल आणि कोरडे आकाश

गोंदिया जिल्ह्यातील कोहमाऱ्याच्या परिसरात आषाढ-श्रावणात बांध्या पाण्याने भरतात, धानाची रोवणी चालू असते, आणि त्या दिवसांत डोक्यावरच्या हवेत इतके बाष्प असते की त्या सगळ्याचे पाणी झाले तर त्याचा थर 5 सेंटिमीटरच्या आसपास भरेल. धानाला पोसणारी हीच ओल उपमिलिमीटर लहरींची, म्हणजे 1 मिलिमीटरहून आखूड पण अवरक्त किरणांहून लांब अशा लहरींची, वाट अडवते, कारण बाष्पाचे रेणू त्या शोषून घेतात. ज्या थंडगार धूलिमेघांत तारे जन्मतात त्यांचे प्रारण मुख्यतः याच पट्ट्यात येत असल्यामुळे जेम्स क्लार्क मॅक्सवेल ही 15 मीटर व्यासाची दुर्बीण हवाई बेटावरील मौना की या पर्वतावर, 4,092 मीटर उंचीवर, बांधली गेली आणि 1987 पासून ती कार्यरत आहे.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत, आणि जाळीची भोके सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची असूनही मीटरभर लांबीच्या लहरींना ती अखंड पत्र्यासारखीच भासते. उपमिलिमीटर लहरींपुढे असली जाळी निरुपयोगी ठरते. म्हणून मौना कीवर 276 धातूच्या फलकांचा आरसा जुळवलेला असून त्याच्या पृष्ठभागातील चूक सुमारे 25 मायक्रॉनच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी मर्यादेत राखावी लागते.

रात्रीच्या कामात पहिला मान बाष्पाच्या मापनाला मिळतो, कारण हवा किती कोरडी आहे यावरूनच त्या रात्री कोणते निरीक्षण हाती घ्यायचे ते ठरते. मग परिचित तेजस्वी स्रोतावर दुर्बीण रोखून नेम तपासतात, दुय्यम आरसा किंचित सरकवून केंद्रण साधतात आणि युरेनससारख्या ग्रहाच्या ज्ञात तेजाशी मोजमाप ताडून पाहतात. मूळ मेघाकडे वळायचे ते त्यानंतर. संवेदक तर निरपेक्ष शून्याच्या वर दशांश अंशाहूनही कमी तापमानात ठेवलेले असतात, अन्यथा उपकरणाच्या स्वतःच्या उष्णतेतच आकाशाचा संकेत बुडून जाईल. इतके जपूनही हवा दमट झाली की सर्वांत आखूड लहरींचे काम थांबवावेच लागते.

महाराष्ट्राची रेडिओ खगोलशास्त्रातील परंपरा भक्कम असली, तरी या लहरींसाठी योग्य जागा लडाखमधील हानलेसारख्या, सुमारे 4,500 मीटर उंचीच्या कोरड्या प्रदेशातच शोधावी लागेल. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटरच आहे, आणि पावसाळ्यात तेही ढगांत बुडालेले असते.